नवाबाचं रक्त

१

सरकारचा नवाब मेला, आणि शर्यतीच्या कबुतरांच्या मंडळाने सकाळीसकाळीच तातडीची सभा बोलावली.

नवाब म्हणजे कबूतर आणि सरकार म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. कुठलंही सरकार कुणी त्याच्या हाती दिलेलं नव्हतं. लाकडाच्या वखारीत गादीवर बसून चार शर्यती जिंकलेला तो एक जाडा माणूस होता. पण लोक त्याला 'सरकार' म्हणत आणि तो 'ओ' देत असे. यातून दोन्ही बाजूंची लायकी कळते, असं डॉक्टरीणबाईंचं मत होतं.

बाई जनावरांच्या डॉक्टर. आयुष्यभर मुक्या जिवांना तपासल्यामुळे बोलणाऱ्या प्राण्यांविषयी त्यांना फारशी आशा उरली नव्हती. मंडळाची कबुतरं त्याच बघत, म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं. मंडळी पाठीमागे त्यांना 'एरंडेल' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची तक्रार नव्हती. एरंडेलाने निदान पोट तरी साफ होतं.

मंडळाच्या खोलीत भिंतीला लागून काचेचं कपाट होतं. सरकारची आजवरची विजेती कबुतरं मेल्यावर पेंढा भरून त्यात उभी केलेली होती. प्रत्येकाच्या पायाखाली लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर पितळी पट्टीत नाव. रांगेच्या शेवटी एक नवा ठोकळा होता. त्याचं पॉलिश अजून चिकट दिसत होतं, वर काही उभं नव्हतं, आणि पट्टीवर 'नवाब' असं कोरलेलं होतं. बाईंनी तो बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला.

"रक्तातला जंतू," सरकार रुमाल डोळ्यांना लावून म्हणाला. डोळे कोरडे होते आणि रुमालही. "काल सकाळी दार उघडतो तर माझा नवाब पाय वर करून पडलेला. मेहुण्याने लगेच रक्त तपासलं. जंतूंचा नुसता बुजबुजाट! आणि हा रोग कुणाच्या ढाबळीत होता, ते मंडळाला ठाऊक आहे."

सगळ्यांनी मागे वळून शेवटच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे शिंपी अंग चोरून बसला होता, आणि शेजारी त्याची थोरली बहीण. शिंप्याची ढाबळ मंडळाच्याच इमारतीच्या गच्चीवर होती.

"मेलेलं कबूतर मला बघायचंय," बाई म्हणाल्या.

"जाळलं. रोग पसरू नये म्हणून. या हातांनी जाळलं, बाई!"

"तुमच्या ढाबळीत माशा होत्या?"

सरकारला हा थेट अपमान वाटला. "माझ्या ढाबळीत एक माशी दाखवा, ही मिशी उतरवून तुमच्या हातात देतो. माझ्याशिवाय तिथे चिटपाखरू जात नाही. किल्ली माझ्या गळ्यात. दाणा माझ्या हातचा, पाणी माझ्या हातचं. या मेहुण्यालासुद्धा मी दाराबाहेर उभा करतो."

मेहुण्याने मान डोलावली. दाराबाहेर उभं राहण्याचाही काही लोकांना अभिमान असतो.

"मग शिंप्याचा जंतू आत शिरला कसा?"

"मागच्या रविवारी शर्यतीला नेताना नवाब आणि याची ती चिंधी एकाच करंडीत होती. तिथेच लागला."

चिंधी म्हणजे शिंप्याची मादी. तिने त्या रविवारी नवाबाला हरवलं होतं. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होती आणि एकही जण ती बोलला नाही. मोठी शर्यत आता पुढच्या रविवारी होती.

"शिंप्याच्या ढाबळीत हा रोग होता की नव्हता?" सरकारने विचारलं. "औषध तुम्हीच दिलं होतंत ना?"

"होता, आणि दिलं होतं," बाई म्हणाल्या. खरं ते खरं.

"झालं तर मग! गच्ची मंडळाची आहे. शिंप्याची सगळी कबुतरं आज संध्याकाळी मारायची. सुई बाईंनी टोचायची. त्यांना जमत नसेल तर आमची माणसं माना मुरगळतील. संमती असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याचा गेला की नाही ते बघून घेतलं. शिंप्याने जन्मात कधी मंडळाच्या विरुद्ध मत दिलं नव्हतं. सवयीने त्याचाही हात अर्धा वर गेला. बहिणीने तो मनगटाला धरून खाली ओढला.

"अरे मेल्या, तुझीच कबुतरं मारतायत!"

जिन्यात तिने बाईंची वाट अडवली. "बाई, तुम्ही खरंच टोचणार?"

"नवाब त्या रोगाने मेला असेल, तर मंडळाचा नियमच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "असेल तर. चला, वर गच्चीवर चला."

२

शिंप्याची ढाबळ त्याच्या शिवणकामासारखी होती, एक टाका वाकडा नाही. खणाखणात स्वच्छ पेंढा, फळ्यांना चुन्याचा हात, फटी मेणाने बुजवलेल्या. बाईंनी एकेक पक्षी हातात घेतला, पंख पसरले, पिसांत फुंकर मारली. पिसांखालून तिरकी पळणारी ती चपटी माशी कुठे दिसली नाही.

गेल्या खेपेला ती झुंडीने होती. बाईंनी तेव्हा या बहीणभावांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हा जंतू कबुतराकडून कबुतराकडे आपल्या पायांनी जात नाही. त्याला माशीची पालखी लागते. माशी चावते, जंतू रक्तात उतरतो, आणि तो रक्तात दिसायलाच जवळजवळ महिना जातो. कबूतर सहसा मरत नाही, पण दमतं, धापा टाकतं, मागे पडतं. म्हणून औषध दोन ठिकाणी द्यायचं. माणसांच्या हिवतापाच्या गोळीचा कणभर चुरा पाण्यातून कबुतराला, आणि माशी मारायची पूड ढाबळीला. फळ्यांच्या फटीतले माशीचे काळे चकचकीत कोष वेचून जाळायचे, नाहीतर आज मारलेली माशी पुन्हा हजर.

"सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं बाई," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही त्या यंत्रातून मला दाखवलं होतं ना, तेव्हाच धसका घेतला मी. लांबट लांबट पेशी, अंड्यासारख्या. प्रत्येकीच्या पोटात एक बी. आणि तो मेला जंतू त्या बीला मिठी मारून बसलेला. अजून काजं करताना तेच दिसतं मला."

"सभेत तोंड का नाही उघडलंस?"

"सरकारांपुढे कसं बोलणार?"

बाईंना बुळचट माणसांची चीड होती. दुष्ट माणूस एकटा फार काही करू शकत नाही. त्याला पुढे सरकायला अशी पायपुसणी लागतात. पण शिंप्याने चिंधीला छातीशी धरलं होतं आणि त्याचा अंगठा तिच्या मानेवरून आपोआप फिरत होता. चिंधी रंगाने खरंच चिंध्यांची होती, पांढरी, करडी, तपकिरी, एकाला एक न जुळणारी. तिने बाईंकडे एका डोळ्याने बघितलं. बाईंनी तिच्या पंखाखालच्या शिरेतून एक थेंब घेतला, काचेवर पसरवला आणि वाळवला.

"मला बायको-पोरं नाहीत बाई," शिंपी म्हणाला. "ही आहेत."

"आणि मी?" बहीण म्हणाली. "मी काय शिवणयंत्र आहे? बाई, याला विचारा, सरकार दुकानात आला होता ते. विचारा!"

"सरकार? तुमच्या दुकानात?"

"शर्यत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कोटाची बटणं बदलायला. जन्मात पायरी चढला नाही कधी. आणि याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!"

"काय सांगितलंस तू?" बाईंनी विचारलं.

शिंपी ओशाळला. "काही नाही हो. ते म्हणाले, चिंधी भलतीच उडते आहे, खायला घालतोस तरी काय? मी म्हटलं, ही बाईंच्या गोळीची कृपा. आधी पोरी धापा टाकायच्या, गोळी पोटात गेली आणि विमानं झाली."

"गोळी कुठली, किती, कशासाठी, हे विचारलं?"

"नाही. घाईत होते. बटणंसुद्धा न्यायला विसरले."

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. मंडळाची दोन माणसं वर आली. त्यांनी ढाबळीपाशी गोणपाटाची पोती टाकली आणि हात झटकले.

"ही कशाला?" बहिणीने विचारलं.

"संध्याकाळसाठी," त्यातला एक म्हणाला. "मेलेली भरायला नकोत?"

३

सरकारच्या मेहुण्याची रक्त तपासायची प्रयोगशाळा बाजाराच्या तोंडाशी होती. बाकावर कोपराला कापूस दाबून माणसं बसलेली होती. एक बाई थंडी वाजून कुडकुडत होती आणि तिचा नवरा दर थोड्या वेळाने उठून "रिपोर्ट झाला का?" विचारत होता. कालपासून तो हेच विचारतोय, असं तो म्हणाला. आतून "उद्या या" एवढंच उत्तर येत होतं.

मेहुण्याने बाईंना आत घेतलं आणि स्वतःच खुर्ची पुसली. तो गोड बोलणारा होता. बाईंना साखरेची बाधा लवकर व्हायची.

"रक्त कुठून काढलंत?"

"पंखातून."

"कुणी धरलं होतं?"

"अं… दाजींनी."

"तुम्ही ढाबळीत गेला होतात?"

"नाही नाही. दाजी कुणाला आत घेत नाहीत. त्यांनी बाहेर आणलं ना."

"आणि मग जाळलं."

"हो. माझ्यादेखत. ज्वाळा काय उठल्या म्हणून सांगू!"

कबुतरात जाळण्यासारखं असतं तरी किती, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली, डोळा लावला आणि फिरकी हळू फिरवली.

समोर तांबड्या पेशींचा सडा पडला होता. गोल, नुसत्या गोल, कडेला गडद आणि मध्ये फिकट, शिंप्याच्या डब्यातली बटणं उपडी केल्यासारख्या. काही पेशींच्या आत नाजूक निळी वळी होती, आणि वळ्यावर खड्यासारखा एक तांबडा ठिपका. जंतू होते यात शंकाच नव्हती. बाई बराच वेळ बघत राहिल्या. इतकं आयतं त्यांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

"फार सुंदर स्लाइड आहे," त्या म्हणाल्या.

मेहुणा फुलला. "हात बसलाय ना, बाई."

"जंतूंचा बुजबुजाट आहे, हे खरंच. याला ताबडतोब औषध द्यायला हवं."

"याला?" मेहुणा हसला. "अहो बाई, तो तर मेला!"

"असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, वाचेल." बाईंनी स्लाइड रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. "आणि बाहेर जी बाई कुडकुडते आहे, तिचा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता द्या. रक्त पुन्हा घ्या हवं तर. तिला उद्या या म्हणालात, तर मी आज पोलीस घेऊन येईन."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरची साखर एका क्षणात विरघळली.

४

औषधांच्या दुकानदाराला मंडळात 'गोळीवाला' म्हणत. माणसांच्या औषधांबरोबर तो कबुतरांसाठी स्वतः बनवलेलं एक रक्तशुद्धीचं सरबत विकायचा. त्यात रंगाशिवाय काही नव्हतं, म्हणून ते निरुपद्रवी होतं, आणि बाई त्याला त्याच्या दुकानातलं सगळ्यात सज्जन औषध समजत.

"हिवतापाच्या गोळ्या या आठवड्यात कुणी नेल्या?"

"गिऱ्हाइकाची माहिती मी बाहेर देत नाही, बाई. धंद्याचं तत्त्व आहे."

"शिंप्याची दिलीत ना पण?"

गोळीवाला काउंटर पुसायला लागला. "सरकारांनी विचारलं होतं. शिंपी कबुतरांसाठी काय नेतो म्हणून. आता ते अध्यक्ष."

"अध्यक्ष आला की तत्त्व गल्ल्याखाली जाऊन बसतं वाटतं?"

"तुम्ही लिहून दिलेलीच गोळी होती, बाई! मी नाव सांगितलं. त्यांनी अख्खी पट्टी घेतली. घरात कुणाला तरी ताप आहे म्हणाले." त्याने घाम टिपला. "मी विकली. कुणाच्या पोटात काय गेलं, ते मला माहीत नाही."

"मी पोटाचं नावही काढलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पट्टी घेतली, एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. ताप खरोखर असू शकतो. खोटी स्लाइड म्हणजे मेहुणा खोटारडा, एवढंच. नवाब कशाने मेला हे नवाबच सांगू शकत होता, आणि त्याची म्हणे राख झाली होती. पोती गच्चीवर येऊन पडली होती आणि ऊन कलायला लागलं होतं.

बाई चालता चालता थांबल्या. त्यांना तो ठोकळा आठवला, चिकट पॉलिशचा. ज्याने कबूतर काल जाळलं, तो आज त्याच्यासाठी ठोकळा कशाला करून घेईल? राख काय त्यावर उभी करणार? हा माणूस खोटं बोलेल, दुसऱ्याची कबुतरं मारेल, पण आपला विजेता कपाटाबाहेर ठेवेल? सुंभ जळेल, पण पीळ कसा जाणार?

पेंढा भरणाऱ्याचा कारखाना मागच्या बोळात होता. खणांत आकाराप्रमाणे काचेचे डोळे लावलेले, खुंटीला एक अर्धवट हरीण, आणि सगळीकडे तुरटीचा वास. पेंढेवाला म्हातारा बाईंना ओळखत होता. बाईंच्या हातून न वाचलेली काही जनावरं पुढे त्याच्याकडे यायची.

"सरकारचा नवाब आलाय?"

"कुणाला सांगू नका म्हणालेत. काही दिवसांनी, सगळं शांत झाल्यावर, नवाबासारखंच दिसणारं दुसरं कबूतर आहे असं सांगून आणून द्यायचाय."

"मग कुणाला न सांगता दाखवा."

नवाब टेबलावर होता, म्हणजे त्याचं कातडं होतं. रुबाब गेलेला, पण पिसं अजून चकाकत होती. बाईंनी पिसांत फुंकर मारली. एक माशी नाही, एक चाव्याचा डाग नाही.

"आतलं कुठंय?"

"बर्फात. आज टाकणारच होतो."

कबुतराने गिळलेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत जाऊन थांबतं. बाईंनी ती पिशवी ताटलीत घेतली आणि कात्रीने उभी चिरली. मका निघाला, वाटाणे निघाले. मग कात्रीचं टोक कशाला तरी खट्कन लागलं. म्हाताऱ्याने दिवा खाली ओढला आणि वाकून बघितलं.

"हे तर दाणे नाहीत, बाई," तो म्हणाला.

५

संध्याकाळी मंडळ पुन्हा भरलं. सकाळपेक्षा गर्दी जास्त होती. ठराव करायला चार लोक येतात, मारताना बघायला सगळे. शिंपी शेवटच्या खुर्चीवर होता. बहिणीने त्याचं मनगट धरूनच ठेवलं होतं.

"सुई आणलीत ना?" सरकारने विचारलं.

"मायक्रोस्कोप आणलाय," बाई म्हणाल्या. "दोन स्लाइड आहेत. ही चिंधीची, आज सकाळची. शिंप्या, ये इकडे. काय दिसतं सांग."

शिंपी भीत भीत आला आणि वाकला. "लांबट पेशी. पोटात बी. जंतू… एखादाच आहे बाई, कोपऱ्यात. बाकी स्वच्छ!"

"औषध लागू पडलं. आता ही दुसरी. नवाबाची."

शिंपी बघत राहिला. "बी कुठंय?"

"तेच विचारते मी. बी कुठंय?" बाई मेहुण्याकडे वळल्या. "कुठल्याही पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मध्ये केंद्रक असतं. कबूतर असो, कोंबडी असो. माणसाच्या पेशीत ते नसतं. नुसती गोल बटणं. ही स्लाइड माणसाची आहे. नवाब इतका थोर होता हे मला ठाऊक नव्हतं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"तुमच्या बाकावर जी बाई थंडीने कुडकुडत होती, तिची स्लाइड आहे ही. तिला हिवताप आहे, आणि तिचं रक्त कबुतराच्या नावावर खपवायचं म्हणून तुम्ही तिला 'उद्या या' म्हणत बसलात. दिलात का रिपोर्ट?"

"दिला," मेहुणा पुटपुटला. "मला दाजींनी सांगितलं म्हणून… रक्त ते रक्त, असं वाटलं मला."

"गप्प बस!" सरकार ओरडला. "बरं, स्लाइड चुकली असेल. पण रोग होताच! करंडीत लागला!"

"करंडीत लागला असता तर रक्तात दिसायला महिना गेला असता. आणि करंडी काय, ढाबळ काय, माशीशिवाय लागतच नाही. तुमच्या ढाबळीत माशी नाही, असं तुम्हीच सकाळी मिशीवर हात ठेवून सांगितलंत. म्हणजे एकतर रोग नव्हता, नाहीतर मिशी द्या."

सरकारचा हात आपोआप मिशीकडे गेला.

"मग नवाब मेला कशाने?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईंनी दाराकडे बघितलं. पेंढेवाला म्हातारा खोका घेऊन आत आला आणि त्याने तो टेबलावर उघडला. जाळलेला नवाब खोलीतल्या सगळ्यांनी ओळखला. बाईंनी शेजारी ताटली ठेवली. तीत दोन पांढऱ्या गोळ्या होत्या, एक जवळजवळ अख्खी, दुसरी कडेने विरघळलेली.

"माणसांच्या हिवतापाच्या. मी शिंप्याला कणभर चुरा पाण्यातून द्यायला सांगितलं होतं. इथे दोन उरल्यात, विरघळल्या किती ते देव जाणे. हृदय बंद पडलं असणार."

"विषप्रयोग!" सरकार एकदम उठला. त्याला वाट सापडली होती. "बघितलंत? माझ्या नवाबावर विषप्रयोग! या शिंप्याने! नाहीतर गोळीवाल्याने! कुणीतरी दाण्यात टाकल्या!"

"चोराच्या उलट्या बोंबा," बहीण मोठ्याने म्हणाली.

"एवढी चपटी कडू गोळी कबूतर आपणहून गिळत नाही," बाई म्हणाल्या. "चोच उघडून, जिभेच्या मागे बोटाने ढकलावी लागते. म्हणजे कुणीतरी ढाबळीत जाऊन नवाबाला हातात धरलं. आणि ढाबळीत कोण जातं? किल्ली कुणाच्या गळ्यात? दाणा कुणाच्या हातचा, पाणी कुणाच्या हातचं? मेहुणा कुठे उभा राहतो? मी शोध लावलाच नाही सरकार, तुम्ही सकाळी सगळं सांगून टाकलंत. मी फक्त ऐकून घेतलं."

गोळीवाल्याने घसा साफ केला आणि सरकारकडे न बघता म्हणाला, "अख्खी पट्टी नेली होती त्यांनी."

"नवाबाला तुम्ही मारायला गेला नव्हतात," बाई म्हणाल्या. "ते केलं असतं तर निदान काही हेतू तरी होता असं म्हटलं असतं. शिंप्याची आजारी कबुतरं बरी झाली म्हणून जोरात उडायला लागली. तुम्हाला वाटलं, गोळीनेच उडतात. पी हळद आणि हो गोरी! आजार विचारला नाहीत, मात्रा विचारली नाहीत. शिंप्याला आणखी खोदून विचारायचं तर त्याच्यापुढे मान खाली घालावी लागली असती. मग शिंपी कितीही देत असो, आपण सरकार, आपल्याला मूठभर. नवाब धडधाकट होता. सकाळी मेला. मग तुम्हाला एका दगडात दोन पक्षी मारायची बुद्धी झाली. एक पक्षी स्वतःचा होता, तो आधीच मेला होता. दुसरा चिंधी."

सरकार खाली बसला. त्याने काचेच्या कपाटाकडे बघितलं आणि मग खरंच रडायला लागला. "मी त्याला फार जपलं हो," तो म्हणाला. "दाणा निवडून घालायचो." ते खरं असावं. बाईंना त्याची दया आली नाही. दया त्यांना नवाबाची आली. शेवटचा दाणा त्याने विश्वासाने गिळला होता आणि पाठोपाठ ज्याच्यावर विश्वास होता त्याच बोटाने गोळी ढकलली होती.

"सकाळचा ठराव," बाई मंडळींना म्हणाल्या. "तो रद्द करायचा आहे. हात वर करा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता शेजाऱ्याचा अंदाज येईना. बहिणीने शिंप्याचं मनगट सोडून दिलं. शिंप्याने इकडेतिकडे बघितलं नाही. त्याचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, चांगला कोपर ताठ करून. मग बाकीचे भराभर गेले. सकाळी ज्यांनी मारायला हात वर केला होता, त्यांतला एक आता बाईंच्या अभिनंदनाचा ठराव मांडायला लागला. बाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं आणि मायक्रोस्कोप पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दवाखाना उघडला, तर मागच्या दाराशी मंडळाचे चार सभासद उभे होते. चौघेही वेगवेगळे आलेले आणि एकमेकांना बघून खजील झालेले. त्यातला वयाने मोठा पुढे झाला आणि त्याने आवाज खाली आणला.

"बाई, काल सगळं पटलं. सरकारचं चुकलंच. मात्रा विचारायला हवी होती."

"बरं मग?"

"मग आता आम्ही रीतसर विचारायला आलोय. रविवारी शर्यत आहे. आमची कबुतरं तशी ठणठणीत आहेत. पण ती शिंप्याची गोळी… धडधाकट कबुतराला किती द्यायची?"

बाईंनी चौघांकडे एकेक करून बघितलं. त्यांनी काल जे सांगितलं होतं ते या चौघांच्या कानांत गेलं होतं आणि वाटेत कुठेही न थांबता दुसऱ्या बाजूने निघून गेलं होतं. त्या आत गेल्या आणि फडताळातून चार बाटल्या घेऊन आल्या.

"हे घ्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी, मोठे दोन चमचे."

चौघांचे डोळे चमकले. एकाने बाटली हुंगली आणि नाक मुरडलं. "हे तर एरंडेल आहे, बाई."

"हो."

"कबुतराला एरंडेल चालतं?"

"कबुतराला मुळीच द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही घ्यायचं. तेवढा दिवस तरी ढाबळीपासून लांब राहाल, आणि ती बिचारी आपल्या अकलेने उडतील."

त्यांनी दार लावून घेतलं. खिडकीतून दिसणाऱ्या मंडळाच्या गच्चीवर शिंपी काठीला फडकं बांधून पोरींना उडवत होता, आणि बहीण त्याच्यावर कशावरून तरी ओरडत होती. गोणपाटाची पोती तिने धुऊन दोरीवर वाळत घातली होती. चिंधी सगळ्यांच्या पुढे होती.